चादरीवरचा नारिंगी डाग आणि वास्कोतली एक लाँड्री

गोव्यात वास्कोजवळ चिखलीला माझं नऊ खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. लॉजच्या धंद्यात चादरींचा हिशेब तिनाचा असतो: एक पलंगावर, एक लाँड्रीत, एक कपाटात. म्हणजे माझ्याकडे सत्तावीस डबल चादरी, चोपन्न अभ्रे आणि चोपन्न टॉवेल कायम फिरते असतात. पांढरे. रंगीत चादर घातली की पाहुण्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. त्यामुळे लाँड्री चांगली असणं ही माझ्यासाठी पोटाची गोष्ट आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत मी चार लाँड्र्या बदलल्यात.

चौथी बदलली ती एका डागापायी. ऑक्टोबर ते मार्च आमच्या चादरींवर नारिंगी डाग पडतात, उशाकडच्या बाजूला आणि मध्यावर. लोक म्हणतात गंज. मीही तेच समजत होते. आधीची लाँड्री त्यावर ब्लीच ओतायची, डाग आणखी गडद व्हायचा, मग ते आणखी ओतायचे. एका सीझनमध्ये माझ्या अकरा चादरी अशा गेल्या. दोन तर नुसत्या झटकल्या आणि टरकन फाटल्या. भांडले, पैसे मागितले, उत्तर आलं, "तुमचं कापडच हलकं."

आत्ता ज्या लाँड्रीबद्दल लिहितेय, तिथे पहिल्या दिवशी मी मुद्दाम ती डागाची चादर नेली. काउंटरच्या मागून एक पन्नाशीची सुपरवायझर बाई आली. चादर खिडकीजवळ नेऊन तिने डागावर नख फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, "हा गंज नव्हे. क्रीम आहे. ऊन लागू नये म्हणून लावतात ते." मग तिने समजावलं. सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचा घटक असतो, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात लोह. दोघांची गाठ पडली की असा डाग उमटतो. क्लोरीनचं ब्लीच लावलं की तो पक्का बसतो. तिने हातमोजे चढवले, पातळ ऑक्झॅलिक ॲसिडचा बोळा फिरवला, दहा मिनिटं थांबली, दोनदा पाण्यातून काढली. डाग गेला. पूर्ण गेला. मी तिथेच सत्तावीसच्या सत्तावीस चादरी देऊन टाकल्या.

या लाँड्रीत काम करणाऱ्या बहुतेक बायका पूर्वी देहविक्रीच्या धंद्यात होत्या. कुणाला फसवून आणलेलं, कुणी कर्जापायी आलेली, कुणी छाप्यात सापडून मेरशीच्या संरक्षण गृहात राहून आलेली. हे मला पहिले चार महिने माहीत नव्हतं, आणि चादरी तेव्हाही इतक्याच पांढऱ्या येत होत्या. लाँड्रीचं नाव मी इथे देत नाही. नाव देऊ का, असं मी सुपरवायझर बाईंना विचारलं होतं. त्यांनी आतल्या सगळ्यांना विचारून सांगितलं, "कामाबद्दल लिहा. नाव लिहिलंत की लोक चादरी बघायच्या सोडून आमची तोंडं बघायला येतील." वास्को-मुरगाव भागातल्या कुणा लॉजवाल्याला हवं असेल तर मी समोरासमोर नंबर देईन.

ही कल्पना गोव्यात नवी नाही. वास्कोतल्या बायणा किनाऱ्यावरच्या वस्तीत 1997पासून काम करणाऱ्या अर्ज, म्हणजे अन्याय रहित जिंदगी, या संस्थेने स्विफ्ट वॉश नावाची यांत्रिक लाँड्री याच हेतूने चालवली, तिचं नाव आमच्या हॉटेलवाल्यांत बऱ्याच जणांना माहीत आहे. मी लिहितेय ती वेगळी आहे, खूपच लहान. दोन मोठी मशीनं, एक हायड्रो, म्हणजे कपडे पिळून पाणी काढणारं मशीन, एक ड्रायर, एक रोलर इस्त्री.

बायण्याचं नाव आलंच आहे तर सांगते. मी मूळची वेंगुर्ल्याची. 1999 साली लग्न होऊन वास्कोत आले. माझ्या सासऱ्यांचं बायण्याच्या वाटेवर किराणा दुकान होतं. बंदर जवळ, खलाशी, मॅंगनीज आणि लोहखनिजाचे ट्रक, त्यामुळे त्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं देहविक्रीच्या खोपटांची वस्ती उभी होती. बहुतेक बायका आंध्र आणि कर्नाटकातल्या. घरी मला सांगून ठेवलेलं, त्या गिऱ्हाइकांशी जास्त बोलायचं नाही. पण दुकानात बसलं की बोलणं होतंच. त्या काय घ्यायच्या? तांदूळ, चहा पावडर, खोबरेल तेल, पोरांची बिस्किटं. आमच्या घरात जे यायचं तेच.

जुलै 2003मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल आला आणि 14 जून 2004ला बायणा पाडलं. सोमवार होता, पाऊस सुरू झालेला. आधी पोलीस, मग यंत्रं. सकाळी अकराच्या सुमारास एक बाई दुकानात आली. एका हातात स्टोव्ह, काखेत गुंडाळलेली गादी, मागे सात-आठ वर्षांची मुलगी. डोक्यापासून भिजलेली. तिने विचारलं, माझं किती बाकी आहे? सासऱ्यांनी वही काढली. तीनशे चाळीस रुपये. तिने ब्लाउजमधून पैसे काढून ते चुकते केले आणि मुलीसाठी पाच रुपयांचा पाव घेतला, त्याचेही पैसे दिले. कुठे जाणार, असं विचारायचं मला सुचलं नाही. त्या वहीत वास्कोतल्या चांगल्या चांगल्या घरांची नावं होती, त्यांची बाकी सासरे जाईपर्यंत आली नाही.

बायणा पाडल्याने धंदा थांबला असं ज्यांना वाटतं त्यांनी लॉज चालवून बघावा. तो लॉजवर गेला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला, मसाज पार्लरच्या पाटीमागे गेला आणि मग मोबाइलमध्ये गेला. वस्ती होती तेव्हा आरोग्यसेवक रोज एकाच ठिकाणी जाऊन निरोध वाटायचे, रक्ततपासणीला घेऊन जायचे, कोण आजारी आहे ते त्यांना ठाऊक असायचं. पांगल्यावर बायका कुठे आहेत हे फक्त दलालाला ठाऊक. आणि ज्याला ठाऊक, त्याचीच सत्ता.

मला महिन्यातून एखादा तरी फोन येतो. "काकी, दोन तासांसाठी रूम पायजे, भाडं तिप्पट." पावसाळ्यात, मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर जास्तच, आमच्या दाबोळीच्या बाजूच्या खोल्या रिकाम्या असतात, आणि तिप्पट भाडं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. मी नाही म्हणते. कायद्याचं सांगायचं तर, देहविक्री करणारी सज्ञान बाई स्वतः केवळ तेवढ्यासाठी गुन्हेगार ठरत नाही, पण कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जागा देणं, दुसऱ्याच्या या कमाईवर जगणं हे सगळं 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पेपरवाले त्याला पिटा म्हणतात. जागा जाणूनबुजून देणाऱ्या मालकाला पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मुलगी अठराच्या आतली असली तर मर्जीचा प्रश्नच उरत नाही, तो सरळ मुलावरचा अत्याचार.

एकदा, पाच वर्षांपूर्वी, फोन न करता एक माणूस दारातच आला. सोबत एक मुलगी. मी आधार कार्ड मागितलं तर तिचं कार्ड त्याच्या खिशातून निघालं. मी तिला नाव विचारलं, उत्तर त्याने दिलं. खोली नाही म्हणून सांगितलं आणि ते गेले. मी फोन उचलला नाही. ती गोष्ट मला अजून टोचते. आता काउंटरच्या आतल्या बाजूला 112 हा पोलिसांचा आणि 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा, असे दोन नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलेत आणि माझ्या दोन्ही पोरांना, म्हणजे कामावरच्या, सांगून ठेवलंय: ज्याचं कार्ड दुसऱ्याच्या खिशात, त्याच्यासाठी माझी परवानगी न विचारता फोन करायचा.

तर लाँड्री.

चौथ्या महिन्यात बिल भरायला म्हणून आत गेले. रोलर इस्त्रीवर चौघी होत्या. दोघी ओली चादर कडा जुळवून आत सरकवत होत्या, पलीकडे दोघी गरम चादर झेलत होत्या. झेलली की कोपरे धरून एक झटका, फट् असा आवाज, मग घडी, परत घडी. बोलणं नाही, नजरेवर काम. त्यातली एक, तिशीची असेल, प्रत्येक चादर घडी घालण्याआधी क्षणभर ट्यूबलाइटसमोर धरायची. माझी चादर आली तशी तिने थांबवली आणि मला हाक मारली. "मॅडम, इथे बघा." मध्यावर कापड विरलेलं, पलीकडची ट्यूब दिसत होती. "ही अजून दहा धुण्यांत फाटणार. पाहुण्याखाली फाटली तर लाज तुमची. आत्ताच काढा, कडेचं कापड पक्कं आहे, चार अभ्रे निघतील." कोपऱ्यात शिलाई मशीन होतं. अभ्र्यामागे पंधरा रुपये शिलाई. गेल्या वर्षात मी अशा सहा चादरींचे चोवीस अभ्रे करून घेतले. गिऱ्हाइकाला नवीन माल घेऊ देण्याऐवजी जुना वाचवायला सांगणारं माणूस मला या धंद्यात दुसरं भेटलेलं नाही.

त्याच दिवशी बिलाच्या टेबलाशी सुपरवायझर बाईंनी मला सांगितलं, इथे कोण काम करतं ते. सांगायचं कारण वेगळंच होतं. त्यांना माझ्याकडून महिन्याचा ठराविक करार हवा होता आणि त्या म्हणाल्या, आधी तुम्हाला माहीत असू दे, नंतर कुणी सांगितलं आणि तुम्ही काम काढून घेतलंत तर आम्ही खड्ड्यात. तसं घडलंय. किनाऱ्याकडच्या एका हॉटेलाने कळल्याबरोबर काम बंद केलं, आणि "त्या बायकांच्या हातचे कपडे" असे शब्द वापरले. ज्या खोल्यांमध्ये तो धंदा चालतो तिथल्या चादरी कुठेतरी धुतल्या जातातच की. त्या चादरींचं कुणाला काही वाटत नाही.

करार का हवा, ते मला पटलं म्हणून सविस्तर लिहिते. धंदा सोडून आलेल्या बाईचे पहिले तीन-चार महिने सगळ्यात अवघड. जुना दलाल फोन करत राहतो. गावी पैसे पाठवायची सवय लागलेली असते, आई-बाप, मुलं त्या पैशांवर बसलेली असतात, आणि तो पैसा कुठून येतो हे बरेचदा त्यांना ठाऊक नसतं. लाँड्रीचा पगार त्या कमाईएवढा नसतो, हे तिथे कुणी लपवत नाही. म्हणून पगार पंधरवड्याला होतो आणि एक दिवसही मागेपुढे होऊन चालत नाही. आता हॉटेलवाले काय करतात? बिल साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी. जून ते सप्टेंबर काम निम्म्याने खाली. म्हणजे नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा पैसे नाहीत तेव्हा, त्या दलालाचा फोन जास्त गोड वाटतो. उपदेश करून ती बाई तिथे टिकत नाही. पंधरा तारखेला पगार झाला की टिकते. मी महिन्याला कमीत कमी एकशे वीस किलोचा करार केलाय, पावसाळ्यातही, आणि बिल सात दिवसांत देते. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असल्या तरी पडदे, गादीची कव्हरं, सोफ्याची कव्हरं तेव्हाच धुऊन घेते. नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतातच.

कागदपत्रांचं मला नवल वाटलं. इतकी साधी गोष्ट आणि तिथेच सगळं अडतं. बँक खातं हवं तर आधार, आधारला पत्ता, आणि ज्या खोलीत राहत होती तो पत्ता कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, ओळखपत्राचा आग्रह न धरता देहविक्री करणाऱ्या बायकांना कोरडा शिधा द्या असं राज्यांना सांगितलं. मग 19 मे 2022च्या आदेशात म्हटलं की याही बायकांना सन्मानाने वागवलं पाहिजे, पोलिसांनी शिवीगाळ-मारहाण करायची नाही, छाप्यातल्या बायकांचे फोटो माध्यमांनी छापायचे नाहीत, आणि राहण्याचा पुरावा नसला तरी आरोग्य खात्याच्या किंवा नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार द्यायचं, तेही कार्डावर त्यांची ओळख कुठेही उघड होणार नाही अशा रीतीने. संरक्षण गृहात इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेचाही विचार त्यात आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण सोडवणं आणि कोंडणं यातला फरक छापा टाकणाऱ्याला दरवेळी कळतोच असं नाही. ज्या बाईला तो धंदा सोडायचा नाही तिला ओढून आणू नये आणि जिला सोडायचाय तिला दुसऱ्या दिवशी सकाळी जायला जागा असावी, एवढंच माझं मत. ती जागा पगाराची हवी. मेणबत्त्या आणि पापड लाटण्याच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं मी लोकांच्या भिंतींवर पुष्कळ बघितलीत.

त्या चादर उजेडाला धरणाऱ्या बाईने मला एकदा स्वतःहून सांगितलं की तिच्या नावाने पहिला पगार खात्यात आला तेव्हा तिने एटीएममधून फक्त शंभर रुपये काढले, पावती घेतली आणि बाकीची रक्कम छापून आली ती बघितली. ती पावती तिने पाकिटात ठेवलीय. मी यापुढे काही विचारलं नाही. कुणीच विचारू नये. तिथे जाल तर डागाबद्दल विचारा, स्टार्चबद्दल विचारा.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. स्टार्च जास्त घालतात. टॉवेलला तर अजिबात नको असं तीनदा सांगावं लागलं, दोनदा टॉवेल पापडासारखे आले. सोमवारी सकाळी माल येत नाही, दुपारचे तीन होतात, आणि रविवारी चेकआउट जास्त असतात त्यामुळे माझी सोमवारची ओढाताण होते. मी त्यावर कपाटातला तिसरा सेट वाढवून मार्ग काढला, पण तो खर्च माझा. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चुकला की एक दिवस उशीर धरायचा. गाडी एकच आहे. रक्ताचा आणि हळदीचा डाग त्यांना नारिंगी डागाएवढा जमत नाही. हळदीच्या चादरी त्या उन्हात टाकतात, उन्हात हळद उडते हे खरंच, पण पावसाळ्यात ऊन कुठलं.

दर: डबल चादर 28, अभ्रा 8, टॉवेल 14, किलोवर दिलं तर आणखी थोडं स्वस्त. मोठ्या लाँड्रीपेक्षा चादरीमागे दोन रुपये जास्त. ब्लीचने गेलेल्या अकरा चादरींचा हिशेब लावला तर हे दोन रुपये मला कधीच वसूल झालेत. चादर पूर्वी वर्षभर टिकायची, आता दुसरं वर्ष चालू आहे.

मोजणीत एकदा चूक झाली. माझे दोन अभ्रे कमी आले. मी फोन केला, त्यांनी शोधले, सापडले नाहीत. पुढच्या बिलात दोन अभ्र्यांची किंमत वजा होऊन आली, मी काही न बोलता. मग तीन आठवड्यांनी ते अभ्रे दुसऱ्या लॉजच्या गठ्ठ्यात मिळाले. ते घेऊन ड्रायव्हर मुद्दाम आला, आणि सोबत चिठ्ठी, बॉलपेनने मराठीत, अक्षर नुकतं शिकलेल्या माणसाचं: "2 अबरे मिळाले. पैसे पुढच्या बिलात लावू का." मी लावा म्हणून कळवलं.

नवीन गिऱ्हाइकाने सुरुवातीला एका खोलीचा सेट द्यावा, सगळा नको. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आपली खूण शिवून घ्यावी, पेनाची शाई टिकत नाही. ओला माल पिशवीत बांधून ठेवू नये, तो त्या घेत नाहीत आणि बरोबर करतात. श्रावणात दामोदर सप्ताहाला आमच्या भागातल्या सगळ्या खोल्या भरतात, त्या आठवड्यात त्यांच्याकडे आधीच गर्दी असते, तेव्हा निदान दहा दिवस आधी सांगावं. माझ्या या वर्षीच्या सप्ताहाच्या साठ चादरी, भाड्याने आणलेल्या धरून, त्यांनी लिहून घेतल्यात. टॉवेलपुढे लिहिलंय: स्टार्च नको.